चौथं सोपट

इथले भुताखेताचे अनुभव मी जेवताना वाचते आणि हसते, हे आधीच सांगून टाकते. खाली कॉमेंटसुद्धा केल्यात मी. "डोळे तपासून घ्या", "रात्री कमी जेवत जा" वगैरे. ज्यांच्या ज्यांच्या अनुभवावर मी असं काही लिहिलं असेल त्यांनी मला माफ करावं. आज माझी पाळी आहे, आणि खाली कोणी तसंच लिहिलं तर मला अजिबात राग येणार नाही. उलट डोळ्यांचाच दोष निघाला तर मी पेढे वाटेन.

आमचं घर यावलचं, बौद्ध. पप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. नजर काढणं, अंगात येणं, उंबऱ्यावर लिंबू टाकणं हे असलं काही आमच्याकडे कधी झालं नाही. लहानपणी मैत्रिणींचं ऐकून मी घरामागच्या चिंचेला घाबरायला लागले, तर पप्पांनी मला हाताला धरून तिथे नेलं आणि म्हणाले, "शोध. सापडलं तर मलाही दाखव." अर्धा तास शोधल्यावर मला एक जुनी चप्पल सापडली. तेव्हापासून मी कशालाच घाबरत नव्हते, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी विमानं दुरुस्त करणारी इंजिनिअर आहे. "आहे" म्हणायचं की "होते", ते शेवटी बघू. धुळे जिल्ह्यात एक छोटी धावपट्टी आहे, तिथे पायलट होऊ पाहणारी पोरं-पोरी शिकतात. संस्थेचं नाव लिहीत नाही. रोज सकाळी उड्डाणाआधी विमान तपासायचं आणि वहीत सही करायची, हे माझं काम. माझी सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. आठवडाभर मी धुळ्याला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी बसने यावलला जायचे.

आमच्याकडे एका इंजिनची सहा आणि दोन इंजिनांची दोन विमानं होती. लोकांना वाटतं दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित, एक गेलं तर दुसरं आहेच की. हवेत उंच असताना ते खरंही आहे. पण उडाल्या उडाल्या, जमिनीपासून दोन-तीनशे फुटांवर एक इंजिन गेलं, की चालू असलेलं इंजिन विमानाला एका बाजूला ओढायला लागतं. पायलटकडे काही सेकंद असतात. कोणतं गेलं ते ओळखायचं, ते पूर्ण बंद करायचं आणि उरलेल्या एकावर विमान सांभाळायचं. गडबडीत चालू असलेलंच बंद केलं तर खेळ खलास. आणि आपल्याकडच्या उन्हात हवा इतकी पातळ होते, की सगळं बरोबर करूनही छोटं विमान एका इंजिनावर वर चढेलच असं नाही.

आता सोपट. केळीच्या खांबाची जी साल वाळते तिला आमच्याकडे सोपट म्हणतात. यावल-फैजपूरकडे लहानपणापासून आम्ही सगळं सोपटाने बांधतो, भाजीची जुडी, वेल, दप्तराचा तुटलेला बंद, काहीही. तर झालं असं, की विमानाच्या दोन्ही पंखांखाली छोट्या नळ्या असतात, त्यांना व्हेंट म्हणतात. इंधन जसं संपतं तशी त्यातून टाकीत हवा शिरते. ती नळी बंद झाली तर टाकीत हवा जात नाही, पंप ओढत राहतो, आणि थोड्या वेळाने टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी मरतं. दोन इंजिनांच्या विमानाला अशा चार नळ्या होत्या, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, प्रत्येक टाकीची एक. आणि कुंभारीण माशीला ह्या नळ्या फार आवडतात. एका रात्रीत मातीचं घर बांधून मोकळी. त्यासाठी लाल पट्टी लटकणारी रबरी बुचं मिळतात, विमान उभं असताना लावायची. दोन इंजिनांच्या एका विमानाची बुचं उन्हाने तडकली. नवी मागवली तर आज येतात, उद्या येतात, असं चाललेलं.

एका शनिवारी मी यावलहून सोपटाची पेंडी आणली. हो, कल्पना माझी. एक पट्टी घेऊन पीळ द्यायचा आणि नळीत खुपसायचा. घट्ट बसतो, मागे काही राहत नाही. आमचे हेल्पर नाना, शेजारच्याच गावचे, साठीला आलेले, त्यांनी तर त्यात कलाकुसरच सुरू केली. ते डावखुरे, त्यामुळे त्यांचा पीळ उलटा पडायचा, आणि टोकाला ते एक गाठ मारायचे. संध्याकाळी चार लावायचे, सकाळी चार काढायचे. काढलेली सोपटं शर्टाच्या खिशात ठेवून माझ्यासमोर मोजायचे आणि म्हणायचे, "ताई, चारी उनात. करा सही." उनात म्हणजे आली.

हे नियमात बसत नाही. लाल पट्टी का असते, तर विसरलेलं बूच लांबून दिसावं म्हणून. वाळलेलं सोपट धुळीच्या रंगाचं असतं, खाली वाकून पाहिलं तरी चटकन दिसत नाही. मला हे माहीत होतं. पण आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं.

मार्चअखेरची गोष्ट. नानांच्या भाचीचं लग्न होतं बोदवडला. आदल्या संध्याकाळी सोपटं लावून ते निघाले. निघताना मला म्हणाले, "ताई, मी तं बोदवडले जास. सकाय चारी काढी ल्या. मोजीसन खिसामा ठेवा."

"नाना, मी इंजिनिअर आहे," मी म्हटलं. "चारपर्यंत येतं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीने तीन विमानं तपासली. मधेच ऑफिसातून फोन आला, तो घेतला, परत आले, सही केली. दहाच्या सुमारास निकम सर एका विद्यार्थ्याला घेऊन तेच सोपटवालं विमान घेऊन उडाले. निकम सर म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रशिक्षक, जळगावचे. पोरांना ओरडायचे आणि मग स्वतःच्या डब्यातली कळण्याची भाकरी द्यायचे. धावपट्टी संपल्यावर कापसाचं मोकळं रान आहे. विमान त्याच्यावर असताना आवाज बदलला. मी हँगरच्या दारात होते. विमान उजवीकडे कललं, सावरलं, थोडं पुढे गेलं, आणि मग नुसतं खाली खाली बसत गेलं. आधी धूर दिसला, आवाज नंतर आला.

निकम सर गेले. विद्यार्थी वाचला, पण डोक्याला मार लागल्यामुळे त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही. चौकशी झाली. उजवा पंख जळाला होता, टाकी फुटली होती. उजवं इंजिन सरांनी स्वतः बंद केलेलं आढळलं, आणि उघडून पाहिलं तर त्यात काही बिघाड नव्हता. इंधनही होतं. म्हणजे धडधाकट इंजिन पायलटने गोंधळून बंद केलं, असा प्राथमिक अहवाल आला. पायलटची चूक.

मला विचारलं होतं, "व्हेंटची बुचं काढली होती?" मी "हो" म्हटलं.

अपघाताच्या दिवशी रात्री खोलीवर ओव्हरऑल धुवायला काढला तेव्हा खिशात सोपटं होती. तीन. मी खिसा उलटा केला, दुसरा पाहिला, बॅग पाहिली. चौथं पडलं असेल कुठेतरी, असं स्वतःला सांगितलं. सकाळी घंटागाडी आली तेव्हा ती तिन्ही कचऱ्यात टाकून दिली. तिसऱ्या दिवशी नाना परत आले. माझ्याकडे बघत त्यांनी एकच विचारलं, "ताई, चारी काढ्यात ना?"

"हो नाना."

आठवड्याभरात त्यांनी काम सोडलं. आणि गंमत बघा, आता इतक्या उशिरा लाल पट्टीवाली नवी बुचं आली. उरलेली सोपटं मी हँगरमागे स्वतःच्या हाताने जाळली.

महिन्याभराने निकम वहिनी सरांचं सामान न्यायला आल्या. टोपी, लॉगबुक, डबा. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "तायडे मॅडम, तुम्हाला मशीनमधलं कळतं म्हणून विचारते. खरंच ह्यांनी चालू इंजिन बंद केलं का हो? गार्गीला शाळेत पोरी बोलतात. आठवीत आहे ती. म्हणतात, तुझ्या बापाने स्वतःच पाडलं."

मी काय म्हटलं असेल? "रिपोर्टमध्ये तसं आहे वहिनी." बास. एवढंच. त्या मान हलवून गेल्या. लाज वाटते लिहिताना, पण इथे खोटं लिहून काय उपयोग?

आता खरा अनुभव. मे महिना, सकाळचे पावणेदहा. भुताची वेळ नाही, लख्ख ऊन होतं आणि पत्रे तेव्हाच तापायला लागले होते. दोन इंजिनांचं दुसरं विमान सगळ्या तपासण्या होऊन त्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं होतं. त्या दिवशी मी ते सकाळी आठला तपासलं. चारही बुचं काढली, चारही लाल पट्ट्या मोजल्या, प्रत्येक नळीत बॅटरी मारून पाहिली. त्या अपघातानंतर मी प्रत्येक गोष्ट दोनदा करायचे. साडेनऊला आमचे दुसरे प्रशिक्षक कॅप्टन शेख यांनी स्वतः विमानाभोवती चक्कर मारून पुन्हा तपासलं. सोबत नागपूरची एक विद्यार्थिनी होती. दोघं बसले, इंजिनं सुरू झाली, विमान धावपट्टीच्या टोकाकडे निघालं.

हँगरमागे पत्र्याची एक खोली आहे. त्यात निकम सरांच्या विमानाचे अवशेष सील करून ठेवले होते. किल्ली माझ्याकडे असायची, कारण रोज सील बघून नोंद करायची. मी तिकडेच निघाले होते आणि आतून आवाज आला.

ठक्क.

रिकामा तेलाचा डबा दाबला की जसा आवाज येतो, तसा. वाटलं, पत्रे तापलेत. मी दारापाशी गेले. पुन्हा ठक्क... आणि त्यामागे बारीक, लांबलचक, आत हवा ओढल्याचा आवाज. मांजर-बिंजर अडकलं असेल म्हणून मी सील काढलं. सील असं काढायला परवानगी लागते. मी नाही घेतली.

आत उन्हाच्या तिरिपी पडल्या होत्या. जळक्या रबराचा वास. उजवा पंख भिंतीकडेला टेकवून ठेवलेला, अर्धा जळालेला. टाकीच्या जागी मोठं भगदाड, त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. खालच्या बाजूला नळीचा वेडावाकडा तुकडा तेवढा उरला होता. त्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं, आणि त्याचा एक धागा सरळ ताणून नळीच्या आत ओढला जात होता. आत म्हणजे कुठे? पलीकडे काहीच नव्हतं. उघडं भोक होतं.

आता पप्पांच्या मुलीने काय करावं? शोध म्हणाले होते ना. हवा ओढते का ते बघायला आम्ही जे करतो तेच मी केलं. उजव्या हाताचं पहिलं बोट नळीच्या तोंडावर ठेवलं.

बोट आत ओढलं गेलं, पेरापर्यंत. मी झटका दिला, निघेना. हसू नका. दुसऱ्या हाताने मनगट धरून ओढलं, पाय पंखाला लावून ओढलं, पंख हलला पण बोट निघालं नाही. आणि नळी ओढतच होती. बोटाच्या टोकाला रक्त जमा होताना मला कळत होतं. कानांत दडे बसले. मग माझ्या लक्षात आलं की मला श्वास घेता येत नाहीये. गळा कोणी धरला नव्हता, काही नाही. मी तोंड उघडून हवा ओढत होते आणि ती छातीत शिरत नव्हती, दुसरीकडेच कुठेतरी चालली होती. मी मरते आहे, दिवसाढवळ्या, माझ्या कामाच्या जागी, बोट नळीत अडकून, हे मला स्वच्छ कळत होतं. मी इतकी घाबरले की माझ्या पँटमध्ये... जाऊ द्या, लिहिलंच आहे तर लिहिते, लघवी झाली मला.

आणि बोटातून थरथर यायला लागली. इंजिन चालू असताना पंखाला हात लावला की येते ती थरथर. मी अकरा वर्षं ती हाताने ओळखते. ह्या पंखाला इंजिनच नव्हतं, ते चौकशीसाठी दुसऱ्या गावी नेलेलं होतं. तरी थरथर येत होती, चांगली, एकसारखी... मग अडखळली. एकदा, पुन्हा एकदा. उपाशी इंजिन असंच अडखळतं. बाहेर धावपट्टीच्या टोकाला कॅप्टन शेख उडण्याआधीची शेवटची चाचणी घेत होते, ती इंजिनं मला ऐकू येत होती. ती दोन्ही ठणठणीत होती. अडखळत होतं ते फक्त माझ्या बोटाखाली.

माझ्या तोंडून आवाज निघाला. छातीत हवा नव्हती, कसा निघाला माहीत नाही. मी म्हटलं, "राहिलं... सर, एक राहिलं. मी तीनच काढली."

बोट सुटलं. मी मागे पडले.

मग मी विचार केला नाही. कमरेला वॉकीटॉकी होता, तो डाव्या हाताने काढून ओरडले, "थांबवा! उडू देऊ नका, इंजिन बंद करा!" टॉवरवरून कारण विचारलं. मी म्हटलं, "उजवा व्हेंट बंद आहे." हे मी का म्हटलं? मी स्वतः तो उघडा पाहिला होता. पण म्हटलं. आणि धावत सुटले.

विमान थांबलं होतं. कॅप्टन शेख वैतागून खाली उतरले. मी सरळ उजव्या पंखाखाली आडवी झाले. बाहेरच्या नळीत काहीतरी होतं. धुळीच्या रंगाचं. मी चिमटीत धरून ओढलं आणि ते माझ्या तळहातावर आलं.

सोपट. उलटा पीळ, टोकाला गाठ. आणि दुसरं टोक जळून काळं झालेलं.

"हे काय आहे?" शेख सरांनी विचारलं. ते स्वतःच पुढे म्हणाले, "पंधरा मिनिटांपूर्वी मी ह्या भोकात बोट घालून पाहिलंय, तायडे. माझ्या आईची शपथ. काही नव्हतं." त्यांचा चेहरा उतरला होता. नागपूरची मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, मग धावपट्टीवर खाली बसली आणि रडायला लागली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं तरी तिला कळलं होतं.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. दोन जीव वाचवले म्हणे. तुला कसं कळलं, हे मात्र कोणी नीट विचारलं नाही. उजव्या हाताच्या त्या बोटाच्या टोकाला गोल काळानिळा डाग पडला होता, नळीच्या मापाचा. पुढे डॉक्टरांना दाखवला तर म्हणाले, कुठेतरी चेमटलंय. डाग दोन आठवडे राहिला.

संध्याकाळी उजेड असतानाच मी नानांच्या गावी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी रुमालातून सोपट काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हातात नाही घेतलं. नुसतं वाकून बघितलं.

"कथाईन उनं हाई?"

कुठून आलं, ते मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ त्या गाठीकडे पाहिलं. "ताई, हाऊ पीळ मन्हा हातना शे. आनि हाई त्याच दिननं शे. बोदवडले जावानी घाई व्हती, म्हनीसन गाठ ढिली बसनी व्हती. देखा."

गाठ खरंच ढिली होती.

"तुम्ही तीनच काढ्यात ना?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी त्यांच्या ओट्यावर बसून मोठमोठ्याने रडले. त्यांची सून पाणी घेऊन आली, ते मला पिता आलं नाही. नाना म्हणाले, "मालेबी ठावं व्हतं. मी बी चूप बसनू. पोट नी नोकरी, दुसरं काय."

पप्पांना फोन केला. सगळं सांगितलं, बोटाचं सुद्धा. मला वाटलं आता चिडतील, भूत-बित काय सांगतेस म्हणून. ते म्हणाले, "बोटाचं आपण नंतर बघू. तीन आणि चारचं उद्याच्या उद्या लिहून दे."

मी लिहून दिलं. सोपटाची कल्पना माझी, काढली तीन, सांगितली चार. ते जळकं सोपटही पाकिटात सील करून दिलं. माझं लायसन्स निलंबित झालं, पुढे काय होईल माहीत नाही. अहवालात दुरुस्ती झाली. आता त्यात असं आहे की हवेची नळी बंद राहिल्यामुळे उजवं इंजिन बंद पडलं, आणि पायलटने केलेली प्रत्येक कृती योग्य होती. पाकिटातल्या सोपटाबद्दल अहवालात एक शब्द नाही. मी दोनदा पत्र लिहून विचारलं. उत्तर नाही.

डोकं शांत असताना मी सगळ्या शक्यता तपासल्यात. कोणीतरी खोडी केली? साडेनऊनंतर विमानाजवळ दोन माणसं होती आणि दोघं त्याच विमानात बसणार होती. नानांनी केलं? ते महिन्याभरात गावाबाहेर गेले नव्हते. मीच केलं, भ्रमात? मग शेख सरांच्या बोटाला ते का लागलं नाही? आणि मुख्य म्हणजे ते सोपट आलं कुठून? माझ्याकडची मी जाळली होती. त्या दिवसाचं चौथं तर जळत्या पंखात होतं.

जळगावला निकम वहिनींच्या घरी मी एका रविवारी सकाळी गेले. गार्गी क्लासला गेली होती. मी बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझी चूक, माझं खोटं, त्यांना दिलेलं ते उत्तर. वहिनी ऐकत होत्या. मग मी पत्र्याच्या खोलीतलं सांगितलं, दुसऱ्या विमानातलं सोपट सांगितलं. म्हटलं, "सरांनीच मला बोलतं केलं वहिनी. ते होते तिथे."

त्यांनी मला मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. त्या आत गेल्या आणि गार्गीची वही आणि पेन घेऊन आल्या.

"लिहा तिच्यासाठी," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, तुझ्या बाबांनी चूक केली नव्हती, चूक माझी होती. खाली सही केली आणि सवयीने लायसन्सचा नंबर टाकला. त्यांनी पान फाडून घेतलं, वाचलं, घडी घातली.

"आणि एक ऐका," त्या म्हणाल्या. "ते दुसऱ्या विमानाचं ह्यांच्या नावावर घालू नका. तुमचं ते बोट अडकलं म्हणून तुम्ही ओरडलात. तुम्ही त्या खोलीत गेलाच नसतात तर? त्या पोरीचं काय झालं असतं? वीस वर्षं ह्यांनी दुसऱ्यांची पोरं सुखरूप खाली उतरवली. स्वतःचं नाव साफ करायला हे कोणाच्या पोरीचा जीव पणाला लावतील? आमचे हे तसे नव्हते."

मी मान खाली घालून ऐकलं. त्यांनी मला चहा विचारला नाही आणि दारापर्यंत आल्या नाहीत.

सध्या मी यावलला घरी आहे. फैजपूरच्या एका वर्कशॉपमध्ये पंपांची दुरुस्ती करते. पंप चालू असला की त्याच्या नळीच्या तोंडाशी मी हात नेत नाही, ते काम तिथल्या माणसांना सांगते. ते हसतात. बोटाचा डाग केव्हाच गेला, पण सकाळी पावणेदहाला हातातलं काम सोडून मी बाहेर माणसांत जाऊन उभी राहते आणि श्वास मोजते. आत जातोय ना, बाहेर येतोय ना.

इतके दिवस मी सर होते असं धरून चालले होते. त्यांना राग होता आणि त्यांचा राग बरोबर होता, एवढं समजलं की झोप लागायची. आता वहिनींचं म्हणणं मला पटतं. सर तसे नव्हतेच. कितीही राग असता तरी त्या नळीत सोपट त्यांनी घातलं नसतं. मग ते कोणी घातलं, आणि त्या खोलीत माझं बोट कोणी धरून ठेवलं होतं, हे मला अजून माहीत नाही.